काळ्या पट्ट्या आणि गोल चंद्र

चित्रपटाच्या चौकटीची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला ‘आस्पेक्ट रेशो’ म्हणतात. व्याख्या चौथीतल्या मुलालाही कळेल इतकी सोपी आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाला मात्र टीव्ही घेऊन वीस वर्षे झाली तरी ती पटलेली नसते. त्याला एकच हिशेब ठाऊक असतो: पैसे सबंध काचेचे मोजले आहेत, तेव्हा चित्रही काचभर दिसले पाहिजे. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की भाजीवाल्याने तराजूला बोट लावल्याचा संशय त्याला येतो. चित्रपटांच्या घरगुती आवृत्त्यांचा इतिहास हा बव्हंशी या संशयाचा इतिहास आहे. जुनी प्रत योग्य प्रमाणात रुंद पडद्याच्या डीव्हीडीवर आणण्याची कला म्हणजे हा संशय न दुखावता खोटा पाडण्याची कला.

मुळात भांडण नव्हते. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चार छिद्रांएवढ्या उंचीची चौकट ठरवली. तिचे प्रमाण आले ४:३, म्हणजे १.३३. पुढे चित्रपट बोलू लागला. आवाजाच्या पट्टीला फितीच्या कडेला जागा करून द्यावी लागली आणि चित्र आकसले. १९३२ मध्ये हॉलिवुडच्या अकॅडमीने १.३७ हे प्रमाण नक्की केले. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पहिल्या मापाच्या काळातला, प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) दुसऱ्या. दोहोंतला फरक शिंप्याने टेप लावली तरच कळावा.

दूरचित्रवाणी आली तेव्हा तिने सिनेमाचेच माप उचलले. धाकट्याने थोरल्याचा सदरा अंगात घालावा तसे. सदऱ्यापर्यंत ठीक होते, पण १९५० च्या सुमारास अमेरिकेत धाकट्याने थोरल्याचे गिऱ्हाईकही पळवले. त्या रागाने थोरला रुंद झाला. १९५२ मध्ये सिनेरामाने तीन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून वक्र पडदा भरला. १९५३ मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये आला, प्रमाण २.५५, पुढे ते २.३५ वर स्थिरावले. ‘बेन-हर’ (१९५९) २.७६ पर्यंत गेला. एवढ्या रुंदीत चार घोड्यांचा रथ आडवा मावतो. नुसता नायक उभा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना वाळवंट शिल्लक राहते. ज्यांना एवढा खर्च झेपत नव्हता त्यांनी त्याच जुन्या चौकटीचा वरचा-खालचा भाग प्रोजेक्टरमध्ये झाकला. अशी झाकलेली चौकट युरोपात १.६६ आणि अमेरिकेत १.८५ भरे.

सिनेमास्कोपची युक्ती फ्रेंच संशोधक आंरी क्रेतियाँ यांची. त्यांचे भिंग कॅमेऱ्यात रुंदी निम्म्यावर दाबते आणि प्रोजेक्टरवरचे भिंग तीच रुंदी पुन्हा मोकळी करते. नऊवारीची घडी घालून ट्रंकेत ठेवावी आणि नेसताना उलगडावी, तसाच प्रकार. फितीवर सगळी पात्रे उपासाने खंगल्यासारखी उभी असतात, पडद्यावर आली की अंग धरतात. भारतात हे तंत्र १९५९ मध्ये ‘कागज़ के फूल’मध्ये प्रथम आले. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन वळवून स्टुडिओच्या अंधारात प्रकाशाचा झोत सोडला आणि गुरुदत्त व वहिदा रहमान यांना एकमेकांपासून दूर उभे केले. त्या दृश्याचा सारा अर्थ दोघांमधल्या अंतरात आहे. आणि घरच्या टीव्हीत नेमके अंतरच मावत नाही.

२.३५ चे चित्र ४:३ च्या काचेत बसवायचे तीन मार्ग होते. तिन्ही वाईट, पण प्रत्येकाचा वाईटपणा वेगळा.

पहिला ‘पॅन अँड स्कॅन’. यात चित्राची उंची काचभर घ्यायची आणि रुंदीतले ४३ टक्के चित्र टाकून द्यायचे. कोणते टाकायचे ते फीत टीव्हीसाठी उतरवून घेणाऱ्या टेलिसिने यंत्रापुढे बसलेला माणूस ठरवतो. अशा रीतीने जगातल्या प्रत्येक रुंद चित्रपटाला एक बिनबोलावलेला सहदिग्दर्शक मिळाला. डावीकडची बाई बोलू लागली की तो डावीकडे, उजवीकडचा पुरुष बोलला की उजवीकडे; आणि दोघेही गप्प बसले तर मधोमध, जिथे फक्त फुलदाणी असते. ‘कागज़ के फूल’मधल्या त्या दृश्यात त्याच्यापुढे तीन पर्याय येतात: गुरुदत्त, वहिदा किंवा नुसता झोत. दोन माणसे टेबलाच्या दोन टोकांना बसली असतील, तर पडद्याच्या दोन कडांतून दोन नाके बाहेर येतात आणि ती नाकेच एकमेकांशी संवाद साधतात. घरमालक मात्र समाधानी असतो, कारण काच भरलेली असते.

दिग्दर्शकांना हा प्रकार सोसवला नाही. सिडनी पोलॅक यांनी आपला ‘थ्री डेज ऑफ द काँडॉर’ असा कापून दाखवल्याबद्दल डेन्मार्कच्या सरकारी टीव्हीवर खटला भरला. १९९७ मध्ये न्यायालयाने निवाडा दिला की हे चित्रपटाचे विद्रूपीकरणच आहे. तांत्रिक मुद्द्यावर खटला मात्र पोलॅक यांच्या विरुद्ध गेला. म्हणजे नाक कापले हे सिद्ध झाले, पण ते परत लावून देण्याचा आदेश निघाला नाही. वुडी ॲलन यांनी आधीच सावधगिरी बाळगली होती. ‘मॅनहॅटन’ (१९७९) घरगुती कॅसेटवर येईल तर पूर्ण रुंदीनेच, अशी त्यांची अट होती. तो आला, तेव्हा वर-खालच्या पट्ट्या काळ्या नव्हत्या, करड्या होत्या.

दुसरा मार्ग म्हणजे चित्र दाबून बसवणे, घडी न उलगडताच नेसणे. हा बहुधा श्रेयनामावलीपुरता वापरत, कारण नावे कडेपर्यंत पसरलेली असत आणि नाव कापलेल्या निर्मात्याची समजूत घालणे कापलेल्या नायिकेपेक्षा अवघड. त्यामुळे चित्रपटाच्या आरंभी घोडे जिराफासारखे आणि माणसे उदबत्तीसारखी दिसत. दिग्दर्शकाचे नाव येऊन गेले की सगळी एकदम खात्यापित्या घरची होत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट पाहायला चाळीतल्या ज्या एका खोलीत सगळा मजला जमे, तिथे या चमत्काराचे कारण कोणी विचारत नसे. परक्याच्या घरी टीव्ही पाहायचा तर प्रश्न विचारायचे नसतात.

तिसरा मार्ग ‘लेटरबॉक्स’: संपूर्ण रुंदी दाखवायची आणि वर-खाली उरेल ते काळे ठेवायचे. तिघांत एवढाच प्रामाणिक, आणि म्हणून सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या त्या यानेच. या रिकाम्या जागेचे मोल प्रेक्षकाला कळले नाही, ते केबलवाल्याला कळले. खालच्या पट्टीतून सराफाची, दहावीच्या क्लासची आणि मंगल कार्यालयाची जाहिरात सरकू लागली. व्हीसीडी-डीव्हीडी काढणाऱ्यांनीही तिथे आपले बोधचिन्ह आणि फोन नंबर छापला. मोकळ्या भूखंडावर अतिक्रमण व्हायला फार दिवस लागत नाहीत, मग तो भूखंड पडद्यावरचा असला तरी.

रुंद टीव्हीचा विचार १९८० च्या दशकात सुरू झाला, तेव्हा कोणते प्रमाण घ्यावे हा प्रश्न आला. केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने प्रचलित प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. ते सगळे ज्या आयतात मावतात आणि त्या सगळ्यांत जो आयत मावतो, त्या दोन्ही आयतांचे प्रमाण १.७७ च्या आसपास आले. त्यातून १६:९ निघाले. हे प्रमाण ४:३ आणि २.३५ यांच्या जवळजवळ बरोबर मधले आहे. गणितात त्याला गुणोत्तर मध्य म्हणतात आणि व्यवहारात तडजोड. तडजोडीचा नेहमीचा गुण याच्याही अंगी आहे. त्या मापाचा चित्रपट तेव्हा जवळजवळ कोणी काढत नव्हते, त्यामुळे अन्याय सर्वांवर सारखाच झाला. रुंद चित्रपटाला वर-खाली पट्ट्या उरल्या आणि जुन्या चौकोनी चित्रपटाला डावी-उजवीकडे नव्या आल्या.

या नव्या उभ्या पट्ट्या तर घरमालकाला मुळीच खपल्या नाहीत. त्याने रिमोटवरचे बटण दाबून ४:३ चे चित्र १६:९ पर्यंत ताणले. उंची तीच, रुंदी एक तृतीयांशाने जास्त. ‘संत तुकारामा’तले विष्णुपंत पागनीस ताणले की काय होते याची कल्पना करता येते. ज्याने कर्जखते इंद्रायणीत बुडवली, तोच वसुलीला निघालेला सावकार दिसू लागतो.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आली आणि अमेरिकेत १९९७ मध्ये. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत तिच्यावरचे प्रत्येक चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ओळी उंच असते. मग ते ४:३ चे असो वा १६:९ चे, ठिपक्यांची संख्या तीच. याचा अर्थ ठिपके चौरस नसतात. पहिल्या प्रकारात ते थोडे आडवे पसरतात आणि चित्र ७६८ बाय ५७६ एवढे दिसते. दुसऱ्यात बरेच पसरतात आणि १०२४ बाय ५७६ एवढे दिसते. कोणत्या वेळी किती पसरायचे हे सांगणारी एक खूण तबकडीत नोंदलेली असते. तिला ‘फ्लॅग’ म्हणतात. क्रेतियाँच्या घडीचाच हा नवा अवतार आहे, फरक इतकाच की भिंगाऐवजी आता चिठ्ठी असते: ‘उलगडून नेसणे’. अशा तबकडीला ‘ॲनामॉर्फिक’ म्हणतात. चिठ्ठी हरवली की सगळी पात्रे पुन्हा उदबत्ती होतात.

जुन्या प्रती या व्यवस्थेच्या आधीच्या असतात, किंवा नंतरच्या असूनही आळसाने जुन्या पद्धतीने काढलेल्या. त्यांत २.३५ चा चित्रपट ४:३ च्या चौकटीत काळ्या पट्ट्यांसकट गोठवलेला असतो. ५७६ ओळींपैकी चित्राच्या वाट्याला सुमारे ३२७ येतात. उरलेल्या २४९ ओळी शुद्ध काळोख साठवण्यात खर्ची पडतात. अशी तबकडी रुंद टीव्हीवर लावली की वर-खाली काळे, डावी-उजवीकडेही काळे आणि मधोमध पोस्टकार्डाएवढा सिनेमा. एवढ्या काळ्या समासात माणूस शोकसंदेश छापतो. ॲनामॉर्फिक पद्धतीत त्याच चित्राला ४३६ ओळी मिळतात, एक तृतीयांश जास्त. रूपांतराचा खटाटोप असतो तो यासाठी.

पहिली पायरी निदानाची. हातातली प्रत लेटरबॉक्स आहे, पॅन अँड स्कॅन आहे, की चित्रपट मुळातच चौकोनी आहे, हे आधी ठरवायचे. पॅन अँड स्कॅन निघाली तर उपचार नाही. कापलेले ४३ टक्के चित्र ज्या खोलीत गेले तिथून परत येत नाही. तिथे मूळ फीत पुन्हा स्कॅन करणे हाच इलाज, आणि त्याला लागणारी फीत अनेकदा आधीच सडलेली असते.

दुसरी पायरी मोजमापाची. पट्टी कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होते ते उजेडातल्या दृश्यावर पाहावे. त्यासाठी काश्मीरमधले गाणे उत्तम. भुताच्या चित्रपटात अडचण येते, कारण हवेलीतली रात्र कुठे संपते आणि पट्टी कुठे लागते हे भुतालाही सांगता येत नाही. पट्टीत उपशीर्षके छापलेली असतील तर कात्री लावण्यापूर्वी त्यांची सोय पाहावी; नाहीतर चित्र सुरेख मिळते आणि पात्रे मुकाट्याने जपानी बोलत राहतात. फोन नंबरची सोय पाहण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी कापण्याची. वरून ७२ आणि खालून ७२ ओळी काढायच्या. उरतात ४३२. त्या उभ्या ताणून पुन्हा ५७६ करायच्या. सगळा हिशेब इतकाच. त्यात चित्राच्या ३२७ ओळींच्या ४३६ होतात आणि वर-खाली ७०-७० ओळी काळ्याच राहतात, कारण २.३५ हे १६:९ पेक्षाही रुंद आहे. रात्र-रात्र जागून पट्ट्या कापणाऱ्याला शेवटी पट्ट्याच मिळतात, फक्त बारीक. घरच्यांना याचे स्पष्टीकरण देऊ नये, असा अनुभव आहे.

ताणताना एक काळजी घ्यावी लागते. जुन्या टीव्हीचे चित्र इंटरलेस्ड असते: आधी विषम ओळी, मग सम, सेकंदाला पन्नास हप्त्यांत. हे हप्ते वेगळे न करता चित्र ताणले तर दोन क्षण एकमेकांत मिसळतात आणि धावणाऱ्या माणसाच्या अंगावर फणीचे दाते उगवतात. म्हणून हप्ते आधी सोडवायचे, मग ताणायचे.

चौथी पायरी समजूत घालण्याची, आणि ती स्वतःची घालायची असते. ३२७ ओळींच्या ४३६ केल्या म्हणून तपशील वाढत नाही. तेवढ्याच कणकेची पोळी मोठी लाटली तर ती पातळ होते, पोट तेवढेच भरते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? खरा लाभ मूळ फीत नव्याने ॲनामॉर्फिक स्कॅन करण्यातच आहे. जुन्या प्रतीचे रूपांतर केल्याने इतकेच साधते की टीव्हीचे झूम बटण जे घाईने आणि ओबडधोबड करते, ते संगणक सावकाश आणि नीट करतो.

पाचवी पायरी पॅकिंगची. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात. तीन तासांचा हिंदी चित्रपट त्यात बसवायचा तर आवाजासकट सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आत संसार करावा लागतो. तंगी आली की धुके, पाऊस आणि कारंजी यांचे चौकोनी तुकडे पडतात, आणि हिंदी चित्रपटातले प्रेम नेमके धुके, पाऊस आणि कारंजी यांच्यातच बहरते. याच पायरीवर १६:९ चा फ्लॅग लावायचा असतो. तो विसरणाऱ्यांची संख्या गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्यांपेक्षा कमी नाही.

जाता जाता वेगाची एक गंमत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि पाल टीव्ही २५ नी. म्हणून पाल डीव्हीडीवर चित्रपट चार टक्के जोरात पळवतात. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत आटोपतो. आवाज दुरुस्त केला नाही तर काळी दोनमधले गाणे पांढरी तीनकडे सरकते. पेटी घेऊन बसणाऱ्याखेरीज हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि पेटीवाला आपलीच पेटी उतरली समजतो.

रूपांतरात सर्वांत मोठा मोह होतो तो मुळातल्या चौकोनी चित्रपटाला रुंद करण्याचा. ४:३ चे चित्र वर-खाली कापून १६:९ केले की उंचीतला पाव भाग जातो. तोही कपाळाकडून आणि पायाकडून. म्हणजे नायिकेचे कुंकू जाते आणि नृत्यात पावले जातात. अशा चित्रपटाला ४:३ चाच फ्लॅग लावावा आणि कडेचे काळे मान्य करावे. अपवाद एकच: ज्या चित्रपटाची चौकट पडद्यावर झाकूनच दाखवायची असे ठरले होते, तो झाकूनच दाखवावा. ‘शोले’ (१९७५) साध्या ३५ मिलिमीटर फितीवर ४:३ च्या चौकटीत टिपला आणि नंतर २.२ चे प्रमाण करून ७० मिलिमीटरवर मोठा केला. तिथे रुंदी कापूनच मिळाली, पण ती कापणाऱ्यांना चित्रपट कोणाचा आहे हे ठाऊक होते. उलट झाकलेला भाग उत्साहाने उघडला तर काय होते ते ‘पी-वीज बिग ॲडव्हेंचर’ने (१९८५) दाखवले. नायक सायकलच्या पेटीतून न संपणारी साखळी ओढतो. घरगुती आवृत्तीत चौकट खाली मोकळी झाल्याने ती साखळी पेटीखालून आत येताना दिसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण अभियंत्यांनी त्यानंतर शिकून घेतली.

शेवटची पायरी तपासणीची. जे मुळात गोल आहे ते गोल दिसते का, एवढेच पाहायचे. माणसांच्या चेहऱ्यावर विसंबू नये, कारण नट दोन चित्रपटांच्या दरम्यान स्वतःचे प्रमाण बदलतात. बैलगाडीचे चाक चालेल, पण समोरून दिसणारे. तिरके चाक लंबगोलच असते. ‘शोले’तले नाणे साक्षीला उपयोगी नाही, ते हवेत फिरत असते. भाकरी विश्वासार्ह नाही, ती थापणारीवर अवलंबून आहे. उत्तम साक्षीदार चंद्र. तोही पौर्णिमेचा आणि आकाशात बराच वर आलेला, कारण क्षितिजाजवळ तो खरोखरच किंचित चपटा दिसतो. डीव्हीडीच्या ७२० ठिपक्यांपैकी सगळे मोजायचे की मधले ७०२ च, यावर जाणकारांत मतभेद आहेत. त्याने चंद्रात अडीच टक्क्यांचा फरक पडतो. तो मतभेदासह चालवून घ्यावा.

चंद्र उभा लंबगोल दिसला तर फ्लॅग लागलेला नाही, किंवा टीव्ही जुना चौकोनी असून प्लेअरला तो रुंद असल्याचे कोणीतरी कळवले आहे. आडवा लंबगोल दिसला तर रिमोटवरचे बटण कोणीतरी दाबले आहे. ते कोणी, हे विचारू नये. चंद्र गोल असून चारही बाजूंना काळे दिसले तर प्रत जुनी आहे, तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करावे. आणि चंद्र गोल असून फक्त वर-खाली काळे दिसले तर काहीही बिघडलेले नाही.